मर्ज झालं, आता मेंटेनन्स कोण भरणार?

माझा पहिला मोठा पॅच, म्हणजे कोडमधली भर, एका नावाजलेल्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पाकडे गेला तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते. पीएचडीच्या काळात लिहिलेलं साधन होतं, रेडिओ दुर्बिणीच्या सिग्नलमधला गोंगाट वेगळा काढून उरलेल्या भागावर वक्र बसवणारं. लॅबमधले चारपाच जण ते रोज वापरायचे, एका शोधनिबंधात त्याचा उल्लेख आला होता, आणि गाइड म्हणाले होते, "आता जगाला देऊन टाक." दिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. एका ओळीत आभार, आणि खाली प्रश्न: "हे फंक्शन मूळचं कुठलं?"

माझंच आहे, असं मी ठणकावून लिहिलं. समोरच्याने वाद घातला नाही, माझ्याच दोन ओळी मला दाखवल्या. ॲरे, म्हणजे संख्यांची रांग, गरजेपेक्षा एका घराने मोठा घेतलेला, आणि लूप शून्याऐवजी एकपासून सुरू. शून्याचं घर रिकामंच. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत असं कुणी लिहीत नाही. 'न्यूमेरिकल रेसिपीज' या पाठ्यपुस्तकातल्या, सी भाषेतल्या कोडची ती जन्मखूण होती. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने तो कोड पुस्तकातून उतरवून घेतला, मी तो पायथॉनमध्ये आणला, आणि दोन विद्यार्थ्यांच्या हातून जाताना मूळ मालकाचं नाव गळून पडलं. त्या पुस्तकातला कोड विकत घेऊन स्वतःपुरता वापरता येतो, चार लोकांना वाटता येत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पात तो शिरला असता तर पुढे तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते लोढणं पडलं असतं.

तो आठवडा मी चिडचिड करण्यात घालवला. फुकट देतेय तर वर माझीच उलटतपासणी! आज मी स्वतः इतरांचे पॅच तपासते, त्यामुळे तो माणूस मला फारच सभ्य वाटतो.

आपल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत सरकारी पैशातून दरवर्षी ढीगभर वैज्ञानिक सॉफ्टवेअर लिहिलं जातं. पिकांच्या उपग्रहचित्रांचं, प्रथिनांच्या रचनेचं, भूजलाचं, ताऱ्यांचं. त्याचं पुढे काय करायचं याचं आपलं ठरलेलं उत्तर आहे: संस्कृत नाव शोधायचं, त्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवायची, लोगो, वेबसाइट आणि दीपप्रज्वलन. तीन वर्षांनी वेबसाइटचं प्रमाणपत्र संपतं, ब्राउझर लाल पाटी दाखवतो, आणि लिहिणारा विद्यार्थी बंगळुरूत किंवा बॉस्टनमध्ये असतो.

माझं म्हणणं असं की लोकांच्या पैशातून झालेलं वैज्ञानिक साधन, शक्य असेल तिथे, आधीच उभ्या असलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पात नेऊन बसवावं. वेगळी चूल मांडू नये. आणि ते नेताना कोडबरोबर पुढच्या काही वर्षांची देखभालही पदरात घालावी. देखभाल देता येत नसेल तर कोडही देऊ नये. हे दुसरं वाक्य अनेकांना कठोर वाटतं, पण पहिल्या वाक्याला अर्थ आहे तो त्याच्यामुळेच.

पुण्यामुंबईत 'मेंटेनन्स' म्हटलं की सोसायटीचं महिन्याचं बिल डोळ्यांपुढे येतं. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, वॉचमन. बिल्डर पैसे घेऊन जातो, नवा मालक वास्तुशांत करतो, आणि मोटर जळते तिसऱ्या वर्षी मे महिन्यात. मुक्तस्रोताच्या जगात पॅच मर्ज होणं, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील होणं, ही वास्तुशांत आहे. फोटो त्याच दिवशी निघतात, बिल मात्र पुढे दर महिन्याला येत राहतं.

हे चांगलं जमलेलं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण फूरिये ट्रान्सफॉर्मचं आहे. एखाद्या सिग्नलमध्ये कोणकोणत्या वारंवारता किती प्रमाणात मिसळल्या आहेत ते काढायचं हे गणित. एमआरआयपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे लागतं. ते झपाट्याने करण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतल्या एनकार या वातावरण संशोधन केंद्रात पॉल स्वॉर्झट्रॉबर यांनी फोरट्रान भाषेत एफएफटीपॅक हे साधन लिहिलं, आणि पायथॉनच्या वैज्ञानिक जगाने, म्हणजे नमपाय आणि सायपाय या दोन आधारस्तंभ साधनांनी, वर्षानुवर्षं त्याच्यावरच निभावलं.

एफएफटीपॅकला एक खोड होती. मोजमापांची संख्या २, ३, ५ अशा छोट्या अवयवांत फुटत असली की ते वाऱ्यासारखं पळायचं. दहा लाख म्हणजे सहा वेळा २ आणि सहा वेळा ५. पापणी लवायच्या आत उत्तर. आता त्यात फक्त तीन मोजमापं वाढवा. १०,००,००३ ही मूळ संख्या आहे, तिचे अवयव पडत नाहीत. मग एफएफटीपॅक प्रत्येक आकड्याचा हिशोब प्रत्येकाशी लावत बसायचं: दहा लाख गुणिले दहा लाख, एकावर बारा शून्यं. "मॅडम, प्रोग्राम अडकला," म्हणत नवा विद्यार्थी आला की आमचा पहिला प्रश्न असायचा, "लांबी किती घेतलीस?" मग त्याला शेपटाला शून्यं जोडून सोयीची लांबी करायला शिकवायचं. शून्यं जोडली की वारंवारतांच्या खुणा थोड्या सरकतात, त्याचा हिशोब पुन्हा वेगळा ठेवायचा. ठिकठिकाणच्या लॅबमध्ये हाच उद्योग चालला होता.

उपाय माहीत नव्हता असं नाही. मूळ संख्यांवर चालणारी ब्लूस्टाइनची रीत १९७० पासून छापील आहे. एमआयटीत तयार झालेलं एफएफटीडब्ल्यू हे साधन तर त्याहून कितीतरी पुढे गेलेलं होतं. पण एफएफटीडब्ल्यूचा परवाना जीपीएल, आणि नमपाय-सायपायचा बीएसडी. बीएसडी म्हणजे घ्या, वापरा, विकलंत तरी चालेल, मूळ कर्त्याचं नाव तेवढं राहू द्या. जीपीएलचा कोड आत घेतला की वाटताना पूर्ण संचाला जीपीएलच्या अटी लागतात. म्हणून उत्तम साधन उंबरठ्यावर उभं आणि घरात जुनंच यंत्र कुथत चाललेलं, असं बरीच वर्षं होतं. परवाना हा वकिलांचा विषय आहे असं मानणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

मग म्युनिकजवळच्या गार्चिंग गावातल्या माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेतले मार्टिन राइनेके यांनी पॉकेटएफएफटी आणलं. हा माणूस विश्वातल्या आद्य प्रारणाच्या नकाशांचं गणित करणारा. फूरियेची त्याला रोजची गरज. त्याने जे आणलं ते आटोपशीर होतं, दुसऱ्या कशावर अवलंबून नव्हतं, परवाना बीएसडी होता, मूळ संख्यांना ब्लूस्टाइन लावत होतं आणि अचूकताही सुधारत होतं. जुलै २०१९ मध्ये नमपाय १.१७ मधून ते लोकांपर्यंत गेलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायपाय १.४ मध्ये त्याचीच सी++ आवृत्ती आली. वापरणाऱ्याला स्वतःच्या प्रोग्रामची एक ओळ बदलावी लागली नाही. काल अडकणारा प्रोग्राम आज चालला, आणि बहुतेकांना का चालला हेही कळलं नाही. पुढे २०२४ च्या नमपाय २.० मध्ये सी++ आवृत्ती तिथेही गेली. म्हणजे पाच वर्षांनीही त्या कोडची कुणीतरी विचारपूस करत होतं.

पॉकेटएफएफटी हे नाव पायथॉन वापरणाऱ्या दहा जणांना विचारा. नऊ जणांनी ऐकलेलं नसेल. असं अनामिक राहणं आपल्याकडे कुणाला परवडेल का, हा माझा खरा प्रश्न आहे.

या गोष्टीचा पुण्याशी संबंध आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, आणि तिची खात्री पटली ती गोंगाटात अपेक्षित नमुना जुळवून पाहण्याच्या रीतीने. ती रीत या कामासाठी घडवण्यात पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गुंतलेले होते. हे जुळवणं संगणकावर होतं ते फूरियेच्याच वाटेने. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, निर्वात नळ्या, आरसे, सगळं मोजून मापून लिहिलं जाईल. पण तिथून येणारी माहिती ज्या मुक्त साधनांतून गाळली जाणार, ती पुढची वीस वर्षं चालू राहावीत म्हणून किती माणसांचा पगार धरायचा, हा प्रश्न विटासिमेंटच्या हिशोबात सहज बुडून जातो.

वेगळी चूल मांडण्याची किंमत पायथॉनच्या जगाने आधीच एकदा मोजली आहे. १९९५ च्या सुमारास न्यूमेरिक नावाचं संख्यांच्या रांगांचं साधन आलं. हबल दुर्बिणीची अवाढव्य चित्रं त्याला पेलेनात, म्हणून बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप संस्थेने नमॲरे लिहिलं. ते मोठ्या रांगांना चांगलं, छोट्यांना संथ. न्यूमेरिकचं नेमकं उलट. झालं, घरात दोन चुली. कुणाची साधनं एकीवर शिजलेली, कुणाची दुसरीवर, आणि एकाचं दुसऱ्याला चालेना. २००५ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट या तरुण प्राध्यापकाने दोन्ही एकत्र करायला घेतलं, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये नमपाय १.० निघालं. नमॲरेमधल्या चांगल्या कल्पना त्यात आल्या, नाव मात्र गेलं. आज नमॲरे कुणाला आठवत नाही, आणि ते जिवंत राहिलं असतं तर आज त्याच्या वाटचं ओझं सगळ्यांनी वाहिलं असतं.

खगोलशास्त्रात २०११ मध्ये ॲस्ट्रोपाय सुरू झालं तेही याच कंटाळ्यातून. एकच काम करणारी पाचसहा साधनं, प्रत्येकाचे रुसवेफुगवे वेगळे. त्याच स्पेस टेलिस्कोप संस्थेचं पायफिट्स, खगोलचित्रांच्या फिट्स या फाइली वाचणारं, तेव्हा स्वतःच्या पायावर भक्कम उभं होतं. त्याला दुसऱ्याच्या घरी जायची गरज नव्हती. तरी ते ॲस्ट्रोपायच्या आत गेलं आणि स्वतंत्र पायफिट्स हळूहळू बंद झालं. अजून कुणा जुन्या प्राध्यापकाची स्क्रिप्ट हाती येते, वरच 'इम्पोर्ट पायफिट्स' लिहिलेलं असतं, नव्या संगणकावर ती तोंडघशी पडते, आणि आम्ही ती ओळ बदलून देतो. त्या संस्थेने आपलं नाव सोडलं हे मला आजही मोठं वाटतं, कारण नाव सोडायला सांगितलं की आपल्याकडे काय होतं ते मी पाहिलंय.

एका वार्षिक अहवालाच्या बैठकीत मी आमच्या गटाचं काम मांडत होते. संस्थेचं नाव घेत नाही, तुमच्याही ओळखीची असेल. फॉर्ममध्ये रकाना होता: 'विकसित केलेल्या सॉफ्टवेअरची नावे'. मी सांगितलं, आम्ही नवीन काही केलं नाही, दोन विद्यार्थ्यांनी एका जागतिक प्रकल्पात अकरा दुरुस्त्या आणि एक नवा भाग घातला. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य चष्मा काढून म्हणाले, "पण मग यात आपलं काय?" शेजारच्या गटाने त्याच वर्षी त्याच कामाचं स्वतंत्र साधन काढलं होतं, नावगावासकट. त्यांचा रकाना भरला, आमचा रिकामा गेला. त्यांचं साधन आज डाउनलोड होत नाही. हे मी असूयेने लिहितेय हे मला मान्य आहे, पण खोटं लिहीत नाही.

आता यजमानाच्या बाजूने. मोठे प्रकल्प नव्या साधनाला सहजी आत घेत नाहीत याचा नव्या संशोधकांना फार राग येतो. सायकिट-लर्न हे यंत्रशिक्षणाचं साधन तर उघडच सांगतं की पद्धत प्रसिद्ध होऊन किमान तीन वर्षं झालेली असावीत, तिचे इतर शोधनिबंधांत २०० च्या वर उल्लेख झालेले असावेत आणि ती बऱ्याच ठिकाणी वापरात असावी. 'मग नवं काही येणारच कसं?' असं विद्यार्थी विचारतात. पण आत आलेली प्रत्येक पद्धत यजमानाला प्रत्येक नव्या पायथॉनवर, प्रत्येक नव्या प्रोसेसरवर चालवून दाखवावी लागते, तिच्यावरच्या तक्रारी वाचाव्या लागतात, आणि लिहिणारा गायब झाला तर त्याचं मन वाचावं लागतं. लोक कामाला लावतील अशी पद्धत की शोधनिबंधापुरती, हे कळायला तीन वर्षं जास्त नाहीत.

माझी कुरकुर आहे ती उल्लेखांच्या मोजणीवर. मॉन्सूनच्या किंवा मराठी हस्ताक्षराच्या कामासाठी काढलेल्या चांगल्या पद्धतीला २०० उल्लेख मिळायला जन्म जाईल, आणि तेवढ्याने ती कमअस्सल ठरत नाही. तिथे यजमानांनी आकड्याऐवजी माणसाकडे पाहावं: हा टिकेल का?

हा टिकेल का, आणि हा कोण आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा साधनात गुपचूप शिरण्याचं मागचं दार सापडलं तेव्हापासून दुसरा प्रश्न जास्त बोचतो. थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याला मदत करत करत एका अनोळखी खात्याने दोनेक वर्षांत विश्वास कमावला आणि मग घात केला. वैज्ञानिक साधनांच्या बाबतीत असं झालेलं माझ्या ऐकिवात नाही, पण परकं कुणी शेकडो ओळी घेऊन दारात आलं की आता आम्ही कडी काढायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावतो.

आणि हे सगळं करणारी माणसं किती, कुणाच्या पगारावर? नमपायला विकासासाठी पहिला थेट निधी २०१७ मध्ये मिळाला, मूर फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेकडून, सुमारे साडेसहा लाख डॉलर. १.० निघाल्यानंतर अकरा वर्षांनी. तोवर जगातल्या निम्म्या प्रयोगशाळा त्याच्यावर उभ्या होत्या म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. ॲस्ट्रोपायबद्दलही २०१६ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर तक्रार मांडली होती की इतकं महत्त्वाचं साधन स्वयंसेवकांवर, त्यातही नोकरी पक्की नसलेल्या तरुणांवर चाललंय, आणि संस्था फायदा घेऊन गप्प आहेत. सोसायटीत एकाच घराने सगळ्यांचं पाण्याचं बिल भरावं आणि इतरांनी प्रेशर कमी आहे म्हणून तक्रार करावी, तशातला प्रकार.

माझ्या म्हणण्याला विरोध करणारे मित्र आहेत, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नाही. ते म्हणतात, मोठ्या प्रकल्पात गेलं की साधन गोठतं. स्वतःच्या घरी असताना आज चूक सापडली, उद्या नवी आवृत्ती काढली. नमपाय-सायपायसारख्या घरात गेलं की वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या, आणि एखाद्या फंक्शनचं नाव बदलायचं तर आधी दोन आवृत्त्या इशारा द्यायचा. पायथॉनच्या प्रमाण संचाबद्दल तर 'तिथे साधनं मरायला जातात' असं गमतीने म्हणतात. ज्या साधनाची पद्धतच अजून दर महिन्याला बदलतेय ते मोठ्या घरात नेऊच नये, हे मला मान्य. मिसरूड फुटायच्या आत लग्न लावू नये.

पण राहतं घर सोडण्याशिवायही वाट आहे. एडिंबरा विद्यापीठात तयार झालेलं हायज हे साधन पाहा. मर्यादित साधनांत सर्वांत किफायतशीर वाटप कसं करायचं, कोणत्या ट्रकने कुठला माल न्यायचा, अशी गणितं ते सोडवतं. सायपायकडे या कामासाठी पायथॉनमध्ये लिहिलेल्या स्वतःच्या पद्धती होत्या. मोठ्या गणितांपुढे त्या धापा टाकायच्या. २०२० च्या शेवटी सायपाय १.६ मध्ये हायज आलं, पण पाहुण्यासारखं: त्याचा संसार एडिंबराच्या ओट्यावरच राहिला, एमआयटी परवान्यामुळे आडकाठी आली नाही, आणि सायपाय त्याची प्रत आपल्या संचात बांधून देतं. मग सायपायने स्वतःच्या जुन्या पद्धतींना आधी इशारे लावले आणि २०२३ च्या १.११ मध्ये त्या काढून टाकल्या. हायज आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांच्यात त्या जुन्या पद्धती लिहिणारेही होते. स्वतःच्या हाताने स्वतःचा कोड पुसणारे लोक मी फार थोडे पाहिलेत.

पाहुणचार बिघडलेलाही पाहिलाय. नकाशांचं क्यूजीआयएस हे साधन आपल्याकडे पाणलोटाच्या कामात, नगररचनेत, महाविद्यालयांत सर्रास चालतं. त्यातला 'प्रोसेसिंग' हा भाग मूळचा स्पेनमधला, सेक्स्टांते नावाचा. २०१३ च्या क्यूजीआयएस २.० मध्ये तो मुख्य घरात आला आणि आज तो नसलेलं क्यूजीआयएस कल्पनेत येत नाही. त्याच प्रोसेसिंगमधून सागा नावाचं दुसरं साधनही चालायचं. पण सागा आवृत्तीगणिक आपल्या आज्ञांची नावं बदलायचं, क्यूजीआयएसमधली जोडणी दर वेळी तुटायची, आणि ती जोडत बसायला कायमचं माणूस मिळेना. शेवटी ती जोडणी मुख्य संचातून काढली आणि ज्याला हवी त्याने वेगळं प्लगइन घ्यावं असं ठरलं. ज्यांच्या शिकवणीच्या पीडीएफमध्ये 'सागा वर क्लिक करा' असं छापलेलं होतं त्यांची पंचाईत झाली. यात खलनायक कुणी नाही. बिल भरणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

आपल्याकडे करण्यासारखं बरंच आहे, आणि काही झालेलंही आहे. आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प केंद्राच्या शिक्षण खात्याच्या पैशातून अनेक वर्षं मुक्त वैज्ञानिक साधनं महाविद्यालयांत रुजवतोय. तिथल्याच प्रभू रामचंद्रन यांचं मायावी, त्रिमितीय चित्रं दाखवणारं, एन्थॉट या कंपनीच्या साधनसंचात जाऊन स्थिरावलं आणि वीस वर्षांहून जास्त टिकलं. सिम्पायसारख्या गणिती साधनाच्या योगदात्यांची यादी उघडली की आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांची नावं रांगेने दिसतात. बुद्धी कमी नाही. पण बहुतेक नावांपुढे एकच उन्हाळा असतो. उन्हाळ्यापुरती मिळालेली पाठ्यवृत्ती संपते, प्लेसमेंट सुरू होते, आणि लिहिलेला भाग यजमानाच्या गळ्यात राहतो. मुलांना दोष देऊ नये. त्यांना तिथे थांबण्यासाठी आपण काय दिलं?

अनुदानाच्या अर्जात संगणक, प्रवास, परिषदा यांचे रकाने असतात. त्यात प्रकल्प संपल्यानंतरच्या तीन वर्षांच्या देखभालीचा रकाना हवा, आणि तो रिकामा असेल तर अर्ज परत जावा. बढतीच्या मुलाखतीत शोधनिबंध मोजतात तसं दुसऱ्यांचे किती पॅच तपासले हेही मोजावं. एक नीट केलेली तपासणी माझ्या मते चौथ्या दर्जाच्या परिषदेतल्या निबंधापेक्षा जड आहे. आणि संस्थांच्या बौद्धिक संपदा कक्षांना कुणीतरी मुक्त परवाने समजावून सांगावेत. विद्यार्थ्याने लिहिलेल्या कोडवर हक्क त्याचा की संस्थेचा हे आधी ठरवल्याशिवाय तो बाहेर देताच येत नाही. एका कक्षात मी बीएसडी परवान्याची परवानगी मागायला गेले होते. अर्ज चार महिने टेबलावर होता. शेवटी फोन आला, "मॅडम, यात रॉयल्टी किती टक्के धरायची?" शून्य, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग, "शून्य म्हणजे, सुरुवातीला शून्य ना?"

माझ्या त्या पहिल्या पॅचचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुस्तकातून आलेलं फंक्शन गेलं. त्याच्या जागी प्रकल्पात आधीपासून असलेलं वक्र बसवण्याचं साधन लावलं, जे माझ्यापेक्षा चांगलं निघालं. लॅबच्या फाइलींसाठी लिहिलेला भाग गेला, कारण तशा फाइली आमच्या लॅबबाहेर कुणाकडेच नव्हत्या. अकराशे ओळींच्या जागी दीडशेच्या आसपास उरल्या, आणि त्या तपासणाऱ्या टेस्ट त्यांच्या दुप्पट. सात महिने लागले. माझं नाव त्या आवृत्तीच्या लांबलचक यादीत वर्णानुक्रमाने आलं, मागेपुढे माझ्यासारखीच अनोळखी माणसं.

ती लॅब सोडून मला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका रविवारी, जेवण करून आडवी होणार इतक्यात, त्या दीडशे ओळींवर तक्रार आली. दूरदेशीच्या कुणा विद्यार्थ्याची. सिग्नलमधली सगळीच मोजमापं गहाळ असली तर माझं फंक्शन चूक न सांगता गुपचूप शून्य परत देतं. शून्य म्हणजे खरं मोजमाप समजून त्याने पुढे आलेख काढला होता. त्याने उदाहरण नीट जोडलं होतं, सहा ओळींचं. मी चालवून पाहिलं, खरंच शून्य. आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहिली, मग दुरुस्ती केली, पाठवली, आणि चहा टाकला.

चहा होईपर्यंत तपासणाऱ्याचं उत्तर आलं होतं. कुणी नवीन मुलगी होती, मला न ओळखणारी. एका ओळीत आभार, आणि खाली प्रश्न: "आणि ॲरे रिकामाच आला तर?"

ते मी पाहिलंच नव्हतं.